किल्ल्याची माती

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात मातीचा प्रश्न निघतो. नातवाला किल्ला करायचा असतो. पूर्वी वाड्याच्या परसात चार कुदळी मारल्या की काम भागे. आता सोसायटीच्या आवारात सगळीकडे फरशी, आणि जिथे फरशी नाही तिथे माळ्याची करडी नजर! किल्ल्याच्या मातीची पोती बाजारात मिळतात हे मला ठाऊक आहे. पण माती विकत आणणे माझ्या पिढीच्या माणसाला जड जाते. (पाणी विकत घेणेही एके काळी असेच जड जाई. ते आता अंगवळणी पडले आहे.) म्हणून यंदा नातवाला घेऊन सरळ पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. तिथे धाकटा भाऊ शेती करतो. दोन रिकामी पोती आणि एक घमेले मोटारीत टाकले होते.

भाऊ विहिरीवर होता. नातू काठावरून आत डोकावू लागला, म्हणून त्याला घट्ट धरून मीही डोकावलो. दगड म्हणजे काय आणि माती म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर न बांधलेल्या विहिरीसारखी दुसरी शाळा नाही. अगदी वर वीतभर काळपट माती, तीत गवताची मुळे. तिच्याखाली तांबूस-पिवळा मुरूम. त्याच्याखाली मुरमात रुतून बसलेले वाटोळे गोटे. आणि सर्वांत खाली, पाण्यालगत, काळा कुळकुळीत अखंड कातळ.

“आजोबा, हे बॉल कोणी ठेवले?” नातवाने विचारले.

ते कोणी ठेवले नव्हते. तो कातळच तसा सोलवटत जातो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळून शिलारस वाहिला. एकावर एक थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यांनी व्यापलेला आहे. सिंहगड, राजगड, पुरंदर हे सारे त्याच थरांतून पावसाने कोरून काढले. थिजताना दगड आकसला आणि त्यात चिरा पडल्या. त्या चिरांतून पावसाचे पाणी शिरते. पाऊस हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन उतरतो, त्यामुळे त्याला किंचित आंबटपणा येतो. जिभेला कळणार नाही, पण दगडाला कळतो! चौकोनी ठोकळ्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी कुरतडले जातात, म्हणून ते आधी झिजतात आणि ठोकळा वाटोळा होतो. मग कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. पापुद्र्यांचा होतो मुरूम. दगडातले लोह गंजते, त्याचा हा तांबूस रंग.

मुरूम म्हणजे माती नव्हे, हे शहरातल्या माणसाला चटकन पटत नाही. मुरमात अजून दगडाचेच तुकडे असतात. दगडातली फेल्डस्पारसारखी खनिजे पाण्याने पार बदलून त्यांची चिकणमाती झाली, तिचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक झाले, मुळे, किडे, कुजलेला पाला त्यात मिसळला, म्हणजे ती माती. आमच्याकडच्या काळ्या मातीतले हे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. म्हणून शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घाट उतरून कोकणात जा, तिथे त्याच काळ्या दगडाचा तांबडा जांभा झालेला दिसतो. तिकडच्या धो धो पावसाने विरघळणारे ते सारे धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले.

नातवाच्या खिशात लोहचुंबक होते. मुलांच्या खिशात काय नसते? ते त्याने मुरमात फिरवले, तर त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या! दगडातले चुंबकीय लोहखनिज. बाकीची खनिजे बदलून गेली, तरी हे चिवट कण बरेचसे तसेच राहतात.

एवढे सगळे सांगून होईतो मी खुशीत होतो. मग पोती काढली आणि भावाच्या शेताकडे वळलो. भाऊ आधी काही बोलला नाही.

त्या उतारावरचा बांध १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी घातलेला. दिवसा ते सरकारी कामावर खडी फोडीत आणि सांजेला घरचा बांध रचीत. पावसाला जे काम शेकडो वर्षे पुरते ते सुतकीने एका दिवसात होई. पण खडीवर काही उगवत नाही. बांधाआड मात्र माती धरली गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात तो बांध एका जागी खचला. दुरुस्तीसाठी भावाने पैसे मागितले. मी फ्लॅटच्या हप्त्यांचे कारण सांगून “दिवाळीनंतर पाहू” म्हटले. दिवाळीआधीच, २५ सप्टेंबरच्या रात्री, पुण्यात आणि पुरंदरात कोसळला तो पाऊस पुष्कळांच्या लक्षात असेल. कऱ्हेला पूर आला. आमच्या शेतातून एक ओघळ गेली, कमरेइतकी खोल. सकाळी भाऊ तिच्यात उतरला तेव्हा पायाखाली मुरूम होता.

इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे मी इतक्या जणांना सांगत आलो आहे, आणि बांधाचे पैसे तेवढे पाठवले नाहीत.

मी घमेले टेकवले, तसा भाऊ पुढे आला. रागावला नव्हता. म्हणाला, “दादा, इथली माती नका नेऊ. मुरूम न्या पायजे तेवढा. पोरगं खेळतंय, त्याला काय, मुरूमबी चालतोय.”

नातू माझ्याकडे पाहू लागला. मी विहिरीमागच्या ढिगाऱ्यातून दोन पोती मुरूम भरला.

किल्ला झाला. मुरूम चिकटत नाही, तेव्हा बुरूज दोनदा ढासळले. शेवटी दगड रचून त्यांवर गोणपाट आणि वर मुरमाचा गिलावा, अशी तोड निघाली. उतारावर पेरलेले अळीव मात्र जेमतेम उगवले. एका माचीवर तेवढे हिरवेगार आहे. तिथे सौ.नी तुळशीच्या कुंडीतली दोन मुठी माती पसरली होती.

बांधाचे पैसे पाडव्याला पाठवले. भावाचा फोन आला, दगड वाहून झाले म्हणून.