एकी हवी, पण कशावर?

चर्चच्या ऐक्याची भाषा कानावर आली की कोणाचीही मान डोलते. ख्रिस्ती धर्मात पंथोपपंथ पुष्कळ. ते जवळ येत असतील तर त्यात वाईट काय? १९४८ साली ॲमस्टरडॅमला जागतिक चर्च परिषद स्थापन झाली, तीही याच ओढीने. तरी बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती या चळवळीकडे साशंकतेने पाहत आले. आपण बाहेरची माणसे त्यांना चटकन हेकट ठरवून मोकळी होतो. मला ते पटत नाही.

त्यांचे म्हणणे साधे आहे. माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो केवळ विश्वासाने की आणखी कशाने, यावरच एकमत नसेल, तर एका व्यासपीठावर बसून साधले काय?

माझी हयात बँकेत गेली. तिथे तारण म्हणजे कर्जापोटी दिलेली मालमत्ता. मराठी ख्रिस्ती माणसाचे तारण म्हणजे पापातून सुटका. शब्द एक, अर्थ दोन. दोघांनी मनात वेगवेगळे अर्थ धरून एकाच कागदावर सह्या केल्या, तर तो करार कसला? ते पुढच्या भांडणाचे बियाणे.

म्हणून मतभेद असतील तर ते लिहून ठेवावेत. आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की जाणत्या वयात, यावर त्यांच्यात एकमत नव्हते. त्यांनी ते झाकले नाही. दोन्ही पद्धती चालतील असे उघड मान्य केले. पण बाप्तिस्म्याची वेळ ही एक गोष्ट आणि तारणाचा पाया ही दुसरी. पहिल्या बाबतीत सवलत देता येते, दुसऱ्या बाबतीत ती देणे म्हणजे श्रद्धाच सोडणे, ही इव्हँजेलिकलांची खरी धास्ती आहे.

अर्थात सत्याच्या आग्रहालाही धोका असतोच. १८ ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनच्या सभेत मार्टिन लॉइड-जोन्स यांनी इव्हँजेलिकलांना मिश्र मतांच्या चर्चमधून बाहेर पडून एकत्र येण्याची हाक दिली. सभेचे अध्यक्ष होते जॉन स्टॉट, तेही तितकेच बायबलनिष्ठ. आत राहूनच सत्य राखावे, या मताचे. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर विरोध केला. बायबलवर एकमत असणारेच दोन वाटांनी गेले.

पुढे स्टॉट स्वतः लॉइड-जोन्स यांच्याकडे गेले आणि अध्यक्षपदाचा गैरवापर झाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मत मात्र बदलले नाही. मला यात ऐक्याच्या पुष्कळ ठरावांपेक्षा अधिक काही दिसते. मतभेद न लपवता माणसाशी नाते राखणे अवघड खरे. पण त्याहून सोपी एकी फार दिवस टिकत नाही.