बाजूला पडलेला हिशेब

पुण्याच्या ‘आयुका’ व ‘आयसर’मधील संशोधकांनी जुलै 2017 मध्ये दीर्घिकांच्या ‘सरस्वती’ महासमूहाचा शोध जाहीर केला. सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या महासमूहाचे त्या वेळी यथोचित कौतुक झाले. मात्र तो हाती लागला अमेरिकेतील ‘स्लोन’ आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदींतून, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दीर्घिकासमूहांच्या ज्ञानाचा इतिहास अशा कंटाळवाण्या नोंदींनीच घडविला आहे. अठराव्या शतकात शार्ल मेसिएने कन्या राशीतील अंधुक ठिपक्यांची दाटी टिपली, ती धूमकेतू शोधणाऱ्यांची फसगत टळावी म्हणून! ते ठिपके आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका आहेत, हे हबलच्या 1920 च्या दशकातील मोजमापांनंतरच मान्य झाले.

खरा पेच पडला 1933 साली. अरुंधती केशातील समूहाच्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र बांधून ठेवणे शक्यच नव्हते. अर्थात तेथे न दिसणारे द्रव्य विपुल असले पाहिजे, असे फ्रिट्झ झ्विकीने मांडले. 1936 मध्ये सिंक्लेअर स्मिथला कन्या समूहातही हीच तूट आढळली. तरीही जवळजवळ चार दशके हा हिशेब बाजूला पडून राहिला. झ्विकीच्या तापट स्वभावाकडे बोट दाखविले जाते; ते अर्धसत्य होय. वेग मोजलेल्या दीर्घिका मोजक्याच होत्या, अंतरे चुकीची होती, आणि त्याचा आकडाही पुढे फुगलेला ठरला. शंका रास्त होती; शंका घेऊन स्वस्थ बसणे मात्र रास्त नव्हते.

कोंडी फोडली ती चिकाटीने. पालोमारच्या छायाचित्रांच्या काचा डोळ्यांनी तपासून जॉर्ज एबेलने 1958 मध्ये 2712 समूहांची सूची सिद्ध केली. 1970 मध्ये सोडलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाला समूहांतून येणारे क्ष-किरण आढळले. दीर्घिकांमधील जागा कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने भरलेली आहे, हे त्यातून उमगले. हा वायू ताऱ्यांहून वजनदार भरला, तरी तूट उरलीच. व्हेरा रुबिन यांनी एकेका दीर्घिकेच्या भ्रमणातही ती दाखविल्यावर झ्विकीचा हिशेब पुन्हा उघडला गेला. विश्वातील सुमारे 85 टक्के द्रव्य कशाचे बनले आहे, हे अद्याप कोणालाही सांगता आलेले नाही. जुलै 2023 मध्ये सोडलेली युरोपची ‘युक्लिड’ दुर्बीण त्याच शोधात पुन्हा नोंदीच करीत आहे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीनेही 150 मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले असून त्याच्या नोंदी जगातील संशोधकांना खुल्या आहेत. ‘सरस्वती’चे कौतुक करणाऱ्या विद्यापीठांनी अशा सूची तयार करणाऱ्यास बढतीच्या वेळी कितपत श्रेय दिले जाते, हे एकदा तपासून पाहावे.