मासा जगला म्हणून पाणी निर्मळ ठरत नाही

जयपूरच्या दक्षिणेला असलेले सांगानेर ठसेछपाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील छिपा कारागिरांचे कापड देशोदेशी जाते, पण रंगाईचे सांडपाणी मात्र तेथेच राहते. नाहरगडच्या डोंगरातून निघणारी सुमारे ४७ किलोमीटर लांबीची द्रव्यवती नदी या शहरातून वाहते. अनेक दशके ती ‘अमानीशाह नाला’ याच नावाने ओळखली गेली. तिच्या काठावर याच पाण्यावर भाजीपाला पिकत आला आणि तो शहराच्या बाजारात विकला गेला. नदीच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प २०१८मध्ये लोकार्पित झाला. तरीही सांगानेरपासून इचलकरंजीपर्यंत, जेथे जेथे रंगाईचे कारखाने आणि शेती शेजारी नांदतात, तेथे एक प्रश्न कायम आहे: हे पाणी पिकाला द्यावे की नाही?

या प्रश्नाला बांधावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, “पाण्यात मासे आहेत, मग भीती कसली?” हे उत्तर निरीक्षणातून आलेले असल्याने ते हसण्यावारी नेता येत नाही. तथापि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असून विस्तार कार्यकर्त्यांनी तो स्पष्टपणे नाकारला पाहिजे.

डासांच्या अळ्या खाणारा गंबुशिया मासा भारतात १९२८मध्ये आणला गेला. गढूळ व कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो पृष्ठभागालगत श्वसन करून तग धरतो. जयपूरच्या संशोधकांनी सांगानेरच्या रंगाईच्या सांडपाण्याची विषारीता याच माशावर तपासली, तेव्हा केवळ मृत्यूची मोजणी पुरेशी ठरली नाही. सांडपाण्याच्या संपर्कात आलेल्या माशांच्या तांबड्या रक्तपेशींचा आकार बिघडलेला आढळला. म्हणजेच पोहणारा मासा निरोगी असतोच असे नाही.

याहून गंभीर बाब अशी की, काही मासे पिढ्यान्‌पिढ्या निवडले जाऊन विषाला सरावतात. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील कापूस-पट्ट्यात शेतातील कीटकनाशके पावसाच्या पाण्यासोबत ओढ्या-चरांत उतरत होती. तेथील गंबुशियात डीडीटीला प्रतिकार निर्माण झाल्याचे १९६३मध्ये प्रसिद्ध झाले. ही प्रक्रिया कापूस उत्पादकांना परकी नाही. बीटी कपाशीच्या क्राय-१एसी प्रथिनाला गुलाबी बोंडअळी प्रतिकारक झाल्याची नोंद गुजरातमधून २०१०मध्ये जाहीर झाली आणि २०१७च्या हंगामात तिचा फटका विदर्भ-मराठवाड्याला बसला. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. कोणतीही एकटी अळी किंवा मासा प्रयत्नाने विष पचवायला शिकत नाही. संवेदनशील जीव मरतात, ज्यांच्यात आधीपासून अनुकूल जनुकीय फरक असतो ते वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील किलिफिश या लहान माशाने हे अधिक ठळकपणे दाखवले. औद्योगिक बंदरांतील काही वसाहती इतर वसाहतींना मारक ठरणाऱ्या प्रदूषकांना हजारो पटींपर्यंत सहन करतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की, विषाची जाणीव करून देणारा पेशीतील एक मार्ग या माशांत वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे मंदावला आहे. प्रचंड संख्या, अल्प आयुष्यचक्र आणि मोठी जनुकीय विविधता या बळावर हे घडले. सावकाश वाढणारे किंवा मोजक्या संख्येने उरलेले जलचर अशा शर्यतीत टिकत नाहीत. शिवाय या सहनशीलतेची किंमत असते. एलिझाबेथ नदीतील अशा माशांची पिल्ले प्राणवायूच्या कमतरतेला अधिक बळी पडतात, असे आढळले आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा धोका पुढे आहे. मासा विष सहन करतो याचा अर्थ विष नाहीसे झाले असा नव्हे. मिसिसिपीतील प्रतिकारक गंबुशिया एंड्रिन शरीरात साठवून जिवंत राहत. ते स्वच्छ पाण्यात सोडल्यावर त्यांच्या अंगातून बाहेर पडलेल्या विषाने साधे मासे मेले, आणि त्यांना खाणारे अनेक प्राणीही दगावले. सहनशील मासा हा पाण्याच्या शुद्धतेचा साक्षीदार नसून विषाचा वाहक असू शकतो.

मग माशांचे निरीक्षण निरुपयोगी आहे का? नाही. पंचगंगेत मृत माशांचा खच दिसतो तेव्हा तो धोक्याचा इशारा असतो आणि त्याची तातडीने दखल घेतलीच पाहिजे. मात्र हा पुरावा एकाच दिशेने चालतो. मेलेला मासा पाणी बिघडल्याचे सांगू शकतो, जिवंत मासा ते चांगले असल्याचे सांगू शकत नाही. त्यातही कॅडमियम पालकाच्या पानांत किती साठले किंवा सोडियममुळे जमीन किती कडक होत आहे, हे तर कोणताच मासा सांगणार नाही.

म्हणून रंगाई-छपाई उद्योगांलगतच्या गावांत सिंचनाच्या सल्ल्याचा आधार पाण्याचा तपासणी अहवालच असावा. विद्युत वाहकता व सोडियम शोषण गुणोत्तर यांच्या नेहमीच्या तपासणीत जड धातूंची भर घालावी. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि क्रोमियम ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, ही जागतिक अन्न व कृषी संघटनेची शिफारस हाताशी ठेवावी. कारखान्यांचे पाणी दिवसभर सारखे नसते, त्यामुळे एकाच बाटलीवर निर्णय न घेता वेगवेगळ्या वेळी नमुने घ्यावेत. अहवाल येईपर्यंत पालक, मेथी, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्यांना असे पाणी देऊ नये.

हा खर्च एकट्या भाजी उत्पादकावर टाकणे न्याय्य नाही. ज्याने नाला रंगवला त्याच्याकडून तो वसूल व्हावा आणि कृषी विज्ञान केंद्रांनी गावपातळीवर सामूहिक तपासणीचा आग्रह धरावा. गंबुशियाला पिढ्या बदलून तगण्याची सवड मिळाली, ती ताटात भाजी वाढून घेणाऱ्या कुटुंबाला मिळणार नाही.