हंगामी विक्रेता

2010 साली, बी. ए. च्या शेवटच्या वर्षात असताना, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील एका साड्यांच्या दुकानात मी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत हंगामी विक्रेता होतो. लक्ष्मी रस्ता म्हणजे पुणेकरांची लग्नसराईची आणि सणासुदीची कापडपेठ, हे इंदूर-बडोद्याच्या वाचकांस बहुधा ठाऊक असेलच.

पहिल्याच दिवशी एका जुन्या विक्रेत्याने कानमंत्र दिला : "साडी हातावर दाखवू नये, अंगावर दाखवावी." ते अंग अर्थातच माझे! नुकत्याच फुटलेल्या मिशांनिशी मी दिवसातून निदान पन्नास वेळा पदर घेत असे. एके दुपारी मोतिया रंगाची, डाळिंबी काठाची साडी नेसल्यासारखी धरून मी आरशासमोर उभा असता आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक सपत्नीक अवतरले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि पत्नीस म्हणाले, "काठ जरा रुंद वाटतो." त्यांनी मला ओळखले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

साडी उलगडावयास क्षण पुरतो. घडी घालताना मात्र प्राण कंठाशी येतात. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. (मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, वाराने तो मनावर घेतलेला नाही.) "काठ हाच, पण अंग निराळं दाखवा," असे म्हणणाऱ्या बाई चाळीस साड्यांनंतर हमखास म्हणत, "पहिलीच बरी होती." पहिली तोवर ढिगाच्या तळाशी गेलेली असे.

गिऱ्हाइकांसाठी बारा स्टुले होती, आमच्यासाठी एकही नव्हते. अकरा तास उभे राहून पाय भरून आले की खालच्या कप्प्यातील माल शोधण्याच्या निमित्ताने आम्ही आळीपाळीने उकिडवे बसत असू. त्या कप्प्यात माल कधीच नसे. शेजारच्या ताई मात्र एकोणीस वर्षे तेथे होत्या आणि संध्याकाळी त्यांच्या पायांत चपला शिरत नसत. "तू दिवाळी झाली की सुटशील रे," त्या म्हणत. दुकानातील नोकरांस बसण्याची सोय देणारी दुरुस्ती केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली आपापल्या कायद्यांत केली. ती बातमी भाषांतरासाठी माझ्या टेबलावर आली, तेव्हा 'आसन' लिहावे की 'बैठक', हे ठरेना. डोळ्यांपुढे ताईंच्या त्या चपला होत्या.

दिवाळीपूर्वी कायम नोकरांस बोनस मिळाला. 1965 च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी वर्षात निदान 30 दिवस काम भरावे लागे. माझे तीन आठवडेही जेमतेम भरले होते. पगार तेवढा हाती पडला. त्यातून आईसाठी एक इरकली घेतली. तिने काठावरून हात फिरविला, पदर डोळ्यांजवळ नेला आणि हळूच विचारले, "हाच काठ, पण अंग निराळं नव्हतं का रे?"

भाऊबीज झाल्यावर ती बदलावयास गेलो. ताईंनी मला स्टुलावर बसविले आणि स्वतः उभ्या राहून एकेक घडी मोडू लागल्या.