वारशाने आलेली जीप
उज्जैनच्या जुन्या वस्तीत 2028 च्या सिंहस्थानिमित्त रस्ते रुंद होऊ लागले आहेत, आणि ज्या घरांवर पडवी, तबेला, गाडीखाना यांची आवराआवर करण्याची पाळी येते त्यांपैकी एखाद्या घरात, शिंदेशाहीपासून माळव्यात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या मिळकतीत, आजोबांनी शेतीच्या वहिवाटीसाठी घेतलेली व वर्षानुवर्षे विटांवर उभी असलेली जीपगाडी निघते. वारसांपैकी एक पक्ष ती वजनावर भंगारवाल्यास देऊन जागा मोकळी करू पाहतो. दुसरा रुंद टायर आणि चकचकीत रंग लावून तिला मिरवू पाहतो. माझ्या मते दोन्ही पक्ष सारखेच उतावीळ आहेत, कारण ती गाडी नेमकी कोणती, याचाच निर्णय अद्याप झालेला नसतो.

ज्या नगरीत डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी आयुष्य वेचले आणि जिच्या परिसरातील कायथ्याचे ताम्रपाषाणयुगीन स्थळ त्यांनी उजेडात आणले, त्या नगरीला तरी हे सांगावे लागू नये की, थराची नोंद न करता उचललेले खापर आपली निम्मी साक्ष गमावते. जीपचेही तसेच आहे. तिच्या निळ्या वा पांढऱ्या रंगाखाली लष्करी हिरवा रंग दडलेला असेल, तर तो ज्या दिवशी खरवडला जातो त्या दिवशी एक दस्तऐवज कायमचा नष्ट होतो. म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी, किंबहुना पाण्याची पहिली बादली ओतण्यापूर्वी, आहे त्या स्थितीत तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

दुसऱ्या महायुद्धासाठी विलिस व फोर्ड या दोन अमेरिकी कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळशा डिस्पोजलच्या लिलावांतून खाजगी मालकांच्या हाती आल्या. या लष्करी जीपच्या पुढील जाळीस उभ्या नऊ खाचा असतात, मुलकी जीपला सात. विलिसच्या चासीचा पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल, तर फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा असतो. शिवाय फोर्डच्या बोल्टांच्या माथ्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठविलेले आढळते. बोनेट विलक्षण उंच असेल तर ती बहुधा ‘सीजे-3बी’ होय, कारण विलिसने 1953 मध्ये आणलेल्या या गाडीचे हरिकेन इंजिन जुन्या इंजिनाहून उंच होते. आपल्याकडे महिंद्र कंपनीने, जिच्या नावातील ‘महंमद’ 1948 साली गळून ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले, हाच घाट पुढे अनेक वर्षे चालविला. आणि गाडी जीपहून अंगाने थोराड व सहा सिलिंडरांची असेल, तर आपल्याच प्रांतातील जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्याने सैन्यासाठी बांधली गेलेली जोंगा समोर उभी असण्याचा संभव आहे. मात्र जाळी, बोनेट, दारे हे सारे भाग बदलता येतात. अंतिम पुरावा चासीवरील क्रमांकाचा, आणि तो गंजाखाली असेल तर मऊ ब्रशाने व तेलाने साफ करावा, ग्राइंडर तेथे कदापि लावू नये.

ओळख पटली की परीक्षा. इंजिन चालू होते की नाही हा प्रश्न लोक प्रथम विचारतात, पण मी तो सर्वांत शेवटी विचारीन. जुन्या गाडीचे प्राण चासीत असतात. मागच्या आडव्या दांड्याजवळ आणि पाट्यांच्या टेकूंपाशी, जेथे माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यामागून पावसाळे साचून राहतो, तेथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा, आणि पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा, म्हणजे रंगाखालील लांबीचे लेप उघडे पडतात. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट सेल्फने फिरविणे हा तर अत्याचारच. प्लग काढून, सिलिंडरांत थोडे तेल सोडून, दिवसभर मुरू द्यावे आणि मग ते हातानेच हळूहळू फिरवून पाहावे.

कागदांची हेळसांड ही मात्र गंजाहून घातक आहे. मालक मयत झाल्यावर 30 दिवसांत परिवहन कार्यालयास कळविणे व तीन महिन्यांत नमुना 31 भरून नाव चढविणे नियमाने बंधनकारक असताना, अनेक घरांत आरसी बुक दोन दोन पिढ्या आजोबांच्याच नावे राहते, आणि मग हयात वारसांच्या संमत्या गोळा करता करता गाडी कुजून जाते. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये ‘विंटेज’ नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. नव्या नोंदणीस 20,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ही व्यवस्था स्वागतार्हच आहे. परंतु चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा ही तिची अट, राजवाड्यातील मोटारींना साजेशी असली तरी, शेतकऱ्याच्या जीपवर अन्याय करते. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून ज्याने तिच्यात डिझेल इंजिन बसविले, आणि त्याची रीतसर नोंद आरसी बुकात करून घेतली, त्याने तिचे स्वत्व बिघडविले नाही. त्या बदलामुळेच ती पुढे कामाची राहिली आणि म्हणूनच आज शिल्लक आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा नोंदलेला बदल मूळ स्वरूपाचाच भाग मानावा, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने या नियमांत करावी, आणि तोवर वारसांनी ते जुने इंजिन केवळ विंटेज क्रमांकाच्या लोभाने उपटून फेकू नये.