नकोशी : नाव बदलले, नोंदीचे काय?

सातारा-सांगलीकडील दैनिकांत, मग ते साताऱ्याचे ‘ऐक्य’ असो वा ‘पुढारी’, ‘सकाळ’ यांच्या जिल्हा आवृत्त्या असोत, आतल्या पानावर बारीक अक्षरांत ‘जाहीर प्रगटन’ आणि ‘नावात बदल’ अशा सूचना छापून येतात. जुने नाव अमुक, नवे नाव तमुक, यापुढे मला नव्या नावाने ओळखले जावे, एवढाच मजकूर. बहुतेकांची कारणे साधी असतात. शाळेच्या दाखल्यात एक वेलांटी चुकलेली असते, लग्नानंतर आडनाव बदललेले असते, कोणाला अंकशास्त्राने सुचविलेले नवे स्पेलिंग हवे असते. वाचक पान उलटतो. परंतु त्या ओळीत जुन्या नावाच्या जागी ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ असे छापलेले असेल, तर ती सूचना केवळ कार्यालयीन उरत नाही. आपण नको होतो हे जन्मापासून ज्या मुलीच्या हाकेत होते, तिला ते जाहीरपणे, पैसे भरून, आणखी एकदा छापून घ्यावे लागत असते.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले ते २२ ऑक्टोबर २०११ रोजी. सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ या अर्थाची नावे असलेल्या २८५ मुलींचा त्या दिवशी साताऱ्यात एकत्र नामकरण सोहळा झाला. तत्कालीन जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकाराने गावोगावी अशा मुलींचा शोध घेण्यात आला होता. मुलींनी नवी नावे निवडली, कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. प्रत्येकीच्या हाती नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि छोटासा पुष्पगुच्छ देण्यात आला. परदेशी वृत्तपत्रांनीही ती बातमी छापली.

हे नाव ठेवण्यामागची समजूत या भागातील जाणत्यांना सांगावयास नको. तिसरी, चौथी मुलगी झाली की तिचे नाव नकुसा ठेवायचे. म्हणजे देवाला निरोप पोहोचतो आणि पुढच्या खेपेस मुलगा होतो. हा निरोप केवळ आपल्याकडूनच जातो असेही नाही. हरियाणात ‘भतेरी’ म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’ हे मुलीचे नाव असते आणि चीनमध्ये ‘धाकट्या भावाला घेऊन ये’ अशा अर्थाचे ‘चाओदी’ हे नाव मुलींना दिले गेले आहे. मात्र मराठी मुलखात याच्या शेजारीच दुसरी एक रीत आहे, आणि ती पाहिल्याशिवाय पहिलीचा अर्थ पुरता कळत नाही. मुले जगत नसत अशा घरात झालेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरबा असे मुद्दाम हलके ठेवीत. दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये, हा दगड तरी टिकावा, ही त्यामागची माया. दगडू या नावात मुलाला जपण्याची धडपड आहे. नकुसा या नावात मुलगी ही मुलापर्यंत पोहोचण्याची पायरी आहे. दोन्ही नावे अंधश्रद्धेतूनच आली, तरी त्यांना एकाच तागडीत घालता येणार नाही.

२००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या. महाराष्ट्राची सरासरी तेव्हा ९१३ होती. २०११ मध्ये राज्याची सरासरीच ८९४ पर्यंत खाली आली. ऊस, द्राक्षे आणि सहकार यांनी सुखवस्तू झालेला हा टापू. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका महिलेच्या गर्भपातादरम्यानच्या मृत्यूनंतर तपास झाला आणि जमिनीत पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. ज्यांच्या हाती सोनोग्राफी आली त्यांनी नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली नाही, असे म्हणावे लागते. नकुसा निदान जगली. म्हणूनच जगलेल्या मुलीच्या नावाचा प्रश्न क्षुल्लक मानू नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सोहळ्यातील प्रमाणपत्राने नाव बदलते काय? गावाच्या दृष्टीने बदलते, आणि ते मोलाचेच आहे. कागदाच्या दृष्टीने मात्र तेवढ्याने भागत नाही. भारतात प्रौढ व्यक्तीने नाव कसे बदलावे हे सांगणारा एकच असा सर्वसाधारण कायदा नाही. प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील सूचना आणि शासकीय राजपत्रातील प्रसिद्धी अशी वहिवाट रुळली आहे. कुठल्या कार्यालयाला वृत्तपत्राचे कात्रण पुरते, तर कुठले कार्यालय राजपत्राशिवाय अर्जाला हातही लावत नाही. वृत्तपत्रात छापून आले म्हणजे नाव कायद्याने बदलले, हा आपल्याकडचा सर्वसाधारण गैरसमज आहे. ती केवळ जगाला दिलेली सूचना असते.

राजपत्राचेही एक वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ‘भाग दोन – संकीर्ण सूचना व जाहिराती’ या सदरात नावबदल प्रसिद्ध होतो, आणि त्यासोबतच शासन बजावते की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी आमच्यावर नाही. अर्जदाराने जे कळविले ते आम्ही छापले. म्हणजे येथेही शासन नाव ‘देत’ नाही, केवळ नोंद घेते. मुलगी अज्ञान असेल तर अर्ज पालकांनी करावयाचा असतो. ज्या घराने ते नाव ठेवले, त्याच घराच्या सहीवर तिचे नवे नाव अवलंबून राहते. बाप राजी नसेल तर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबणे आले, आणि तोवर दहावीच्या प्रमाणपत्रावर जुने नाव छापून झालेले असते.

शाळेची वाटही सोपी नाही. माध्यमिक शाळा संहितेनुसार जनरल रजिस्टरमधील नावात बदल करावयाचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, मुख्याध्यापकांना तो अधिकार नाही. जन्मनोंदीचा कायदा १९६९ चा. त्याच्या कलम १५ नुसार चुकीची किंवा अयोग्य रीतीने केलेली नोंद दुरुस्त होते, तीही मूळ नोंदीला हात न लावता, समासात. नकुसा हे नाव ‘चूक’ आहे काय? लेखनिकाने तर ते बरोबरच लिहिले होते! कायद्याला शुद्धलेखनाची चूक दिसते, माणसाने केलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, असे नाव हीच अयोग्य नोंद होय, असा अर्थ लावण्याचे धाडस एखाद्या निबंधकाने करावयास हरकत नसावी.

३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई या खटल्यात निकाल देताना नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा अविभाज्य भाग मानला आणि प्रमाणपत्रातील नाव बदलण्याची दारे मंडळाने सरसकट बंद करू नयेत, असे ठरविले. निकाल स्वागतार्हच आहे. तथापि स्वेच्छेने घेतलेल्या नव्या नावासाठी न्यायालयाची घोषणा, राजपत्रातील प्रसिद्धी अशा अटी त्यातही शिल्लक आहेत. ज्या मुलीचा बाप ऊसतोडीला जातो, तिने हे सारे कोणाच्या बळावर करावे? प्रतिज्ञापत्र, सूचना, अर्ज, प्रत्येक खेपेस बुडणारी मजुरी. आणि हे पार पडले तरी पुढे प्रत्येक ठिकाणी जुन्या दाखल्यासोबत राजपत्राची प्रत जोडणे आलेच. ज्या कागदाने जुने नाव पुसावयाचे, त्याच कागदावर ते कायमचे छापलेले असते. आता तर राजपत्र संगणकावरही पाहता येते.

आमच्या आजीच्या पिढीत याला एक बिनखर्ची तोड होती. लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहीत, आणि माहेरची नकुसा सासरी लक्ष्मी होऊन जाई. कोणाला प्रगटन द्यावे लागत नसे. पण ते नावही तिने निवडलेले नसे, आणि आज तेच अडचणीचे ठरते : दाखला एका नावाचा, शिधापत्रिका दुसऱ्या नावाची, बँकेचे खाते तिसऱ्याच स्पेलिंगचे. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर एक नाव आणि शाळेत दुसरे, ही अडचण आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनाही परिचित आहेच. नावाबाबत ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ८५५ मात्र स्पष्ट आहे. ख्रिस्ती भावनेला परके असे नाव बाळाला दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावयाची आहे. ‘नको असलेली’ याहून परके नाव कोणते असू शकेल?

अडचण मुळात कागदाची नसून इच्छेची आहे, हे दाखविण्यास सांगली जिल्ह्यातीलच उदाहरण पुरेसे आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर केला. त्या नामांतराविषयी मते काहीही असोत. गावाचे नाव बदलते तेव्हा पाट्या, शिक्के आणि नोंदवह्या सरकारी खर्चाने बदलतात. कोणा नागरिकाला जाहीर प्रगटन द्यावे लागत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम करताना जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राच्या आधारे इतर कागदपत्रांतील नाव बदलण्याचा मार्ग सरकारनेच आखून दिला होता. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहावे, असेही ठरविले. इतके करता येते, तर जिल्हा प्रशासनाने समारंभपूर्वक दिलेल्या २८५ प्रमाणपत्रांनाच थेट बदलाचा आधार मानणारा एक आदेश काढणे अशक्य नव्हते. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आज विशी-तिशीत आहेत. नोकरी, पासपोर्ट, स्वतःच्या बाळाची जन्मनोंद या साऱ्या ठिकाणी त्यांना नाव लिहावे लागते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदीच्या कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा कामी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा राहणार आहे. म्हणजे पहिल्या नोंदीतील नाव यापुढे अधिकच चिकट होईल. मात्र एक सवलत फार थोड्यांना ठाऊक असते. जन्मनोंद नावाशिवायही होते. नावाचा रकाना कोरा असेल तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव घालता येते. घरात जिला नकुसा म्हणतात, पण जिच्या दाखल्यावर अद्याप काहीच लिहिलेले नाही, अशा मुलीसाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र, वृत्तपत्र यांपैकी कशाचीही गरज नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन पालकांनी रकाना भरावयाचा असतो. तो शाळाप्रवेशापूर्वी भरणे इष्ट, कारण पहिलीच्या वर्गात शिक्षकांनी विचारल्यावर घरातून जे नाव सांगितले जाते, तेच जनरल रजिस्टरात चढते.