हिरवे सूप, गरगटे आणि औषधालयातील पुडी

अलीकडे आहाराविषयी सल्ला विचारणाऱ्या रुग्णांच्या तोंडी 'हिरवे सूप' हा शब्द वरचेवर येऊ लागला आहे. मधुमेही, स्थूल, मलावरोधाने त्रस्त, प्रसूतीनंतर अशक्त झालेली स्त्री, असे सगळेच विचारतात की रात्रीच्या जेवणाऐवजी पालकाचे वा शेवग्याच्या पानांचे दाट, सायीसारखे मऊ सूप घेतले तर चालेल काय? आपल्यापैकी पुष्कळजण घाईत 'चालेल' म्हणून मोकळे होतात. मग तोच रुग्ण औषधालयात जातो आणि फळीवरची हिरव्या भुकटीची पुडी घेऊन घरी परततो. या दोन्ही गोष्टींविषयी आम्हांस काही सांगावयाचे आहे. वैद्यांना आणि औषधालयाच्या चालकांना ते सारखेच रुचेल अशी खात्री नाही, तरीही सांगणे आवश्यक वाटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. दाट, हिरवे, घोटलेले सूप ही सोलापूरकरांना कोणी नव्याने शिकवावी अशी वस्तू नव्हे. चाकवत, पालक किंवा चुका डाळीबरोबर शिजवून, रवीने घोटून, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेले गरगटे आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. कडक भाकरी त्यात कुस्करून खाण्याची आपली रीत सर्वपरिचित आहे. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषिक कुटुंबांत हेच अंबाडीच्या वा माठाच्या पाल्याचे 'पप्पू' होते. नाव निराळे, फोडणी निराळी, पण कल्पना तीच: पाला शिजवावा, शमीधान्याने त्याला दाटपणा आणावा आणि स्नेहाने तो सुपाच्य करावा. सायीसारखा मऊपणा हवा असेल तर तो घोटलेल्या मुगातून येतो, त्यासाठी साय लागत नाही.

आता शास्त्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शाकवर्ग आला आहे. तो आपण परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे विसरलो, असे खेदाने म्हणावे लागते. तेथे सर्व पालेभाज्यांना एकाच मापाने मोजलेले नाही. वास्तुक म्हणजे चाकवत त्रिदोषघ्न आणि मल सरकवणारा म्हटला आहे. तांदुळजा शीत व रूक्ष असून रक्तपित्तात, मदात व विषात हितकर मानला आहे. याउलट पालक, सूप्यशाक म्हणजे हरभऱ्यासारख्या डाळवर्गीय वनस्पतींचा पाला, आणि कुसुंभ म्हणजे आपली करडई, यांचा समावेश गुरू, रूक्ष आणि पोटात अडून सावकाश पचणाऱ्या गटात केला आहे. हा गट निषिद्ध ठरवलेला नाही. त्याच्यावर संस्कार सांगितला आहे: पाला वाफवावा, त्याचा रस पिळून टाकावा आणि भरपूर स्नेह घालून मगच तो खावा.

या एका संस्काराविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण आजचे 'आरोग्यदायी' सूप नेमके याच्या उलट केले जाते. पालक कच्चा किंवा अर्धवट वाफवलेला असतो, त्याचे पाणी 'सत्त्व' म्हणून त्यातच राखले जाते आणि स्नेह तर वजन वाढेल या भीतीने वर्ज्य असतो. तीनही बाबतींत विपर्यास! पालकात विद्राव्य ऑक्झलेटचे प्रमाण मोठे असते हे आधुनिक आहारशास्त्रही सांगते. पाला भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले की विद्राव्य ऑक्झलेटचा मोठा अंश निघून जातो. त्याबरोबर पोटॅशियमही कमी होते. मूतखड्याचा इतिहास असलेल्या किंवा वृक्क दुर्बल झालेल्या रुग्णाला पिळून टाकण्याचा हा संस्कार सांगणे अगत्याचे आहे. अशा रुग्णाने रोज वाटीभर पालकाचा कच्चा रस वा पाण्यासकट केलेले सूप घेणे आम्हांस अपथ्य वाटते, आणि वैद्याने ते सांगितले असेल तर त्याची जबाबदारी वैद्याचीच.

तथापि दुसरी बाजूही आहे. पिळलेल्या पाण्याबरोबर फोलेट आणि क जीवनसत्त्वही जाते. गर्भिणी किंवा पांडुरोगी स्त्रीच्या बाबतीत हा तोटा लहान नव्हे. तिच्यासाठी पिळण्याची फारशी गरज नसलेली शाके निवडावीत. चाकवत किंवा तांदुळजा थोड्या पाण्यात शिजवून त्याच पाण्यासह घोटावा, वर लिंबू पिळावे. लिंबामुळे पाल्यातील लोहाचे शोषण सुधारते. खडा होऊन गेला असेल तर मात्र चाकवतही पिळूनच घ्यावा, कारण ऑक्झलेटच्या बाबतीत तोही पालकाचाच भाऊबंद आहे. म्हणजे एकच कृती सर्वांना सांगून भागत नाही, आणि येथेच वैद्याचे काम सुरू होते. आणखी एका वर्गाकडे लक्ष वेधतो. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्या हृद्रोग्यांना पालेभाजीतील के जीवनसत्त्वामुळे औषधाच्या परिणामात फरक पडू शकतो. अशांना पालेभाजी बंद करावयास सांगू नये, आणि एकाएकी रोज वाटीभर सूपही सुरू करून देऊ नये. प्रमाण स्थिर ठेवावे आणि त्यांच्या रक्ततपासणीवर देखरेख करणाऱ्या चिकित्सकास ते कळवावे.

आता सायीचा प्रश्न. उपाहारगृहातील हिरव्या सूपमध्ये दूध, साय किंवा मैद्याचा पांढरा रस्सा असतो, त्यात लसूण असते आणि आजकाल शेवग्याची पानेही असतात. मुळा, लसूण, कृष्णगंधा इत्यादी खाऊन त्यावर दूध घेऊ नये, कुष्ठाचे भय असते, असे चरकाने विरुद्धाहाराच्या प्रकरणात बजावले आहे. कृष्णगंधा म्हणजे शोभांजन, आपला शेवगाच. शेवग्याच्या पानांचे सायीचे सूप 'आयुर्वेदिक' म्हणून विकले जाताना पाहिले की हसावे की रडावे हे कळत नाही. त्वचारोगाच्या रुग्णाकडून आपण दूध-मासळीची चौकशी आवर्जून करतो. त्याच यादीत आता सूपही घालावे. काही गृहिणी सायीऐवजी दही घालून रात्रीच्या जेवणात ते गरम करतात. दही रात्री नको आणि उष्णही नको, हे दोन्ही नियम त्यात एकदम मोडतात. ताकाची गोष्ट वेगळी. ताक घालून केलेल्या खड-यूषाची परंपरा आपल्या ग्रंथांत आहे, आणि ताकातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते हा त्याचा आणखी एक लाभ. मात्र उष्णकाळात आणि दाह, भ्रम, रक्तपित्त असताना ताक देऊ नये असा सुश्रुताचा संकेत आहे. सोलापूरचा वैशाख ज्यांनी अंगावर काढला आहे त्यांना तो अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दिवसांत गरगटे तांदुळजाचे करावे आणि आंबट वगळावे.

कृती आम्ही रुग्णांना सांगतो ती अशी. चार माणसांसाठी अर्धी वाटी मुगाची डाळ हळद घालून मऊ शिजवावी. शमीधान्यांत मूग श्रेष्ठ, आणि नित्यसेवनाच्या द्रव्यांतही त्याची गणना आहे, म्हणून तुरीपेक्षा मूग बरा. पालकाची एक मोठी जुडी निवडून तीनदा पाण्यातून काढावी. पाला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला नाही ना, हे भाजीवाल्याला विचारण्यात संकोच नसावा. मोठ्या भांड्यात पाणी खळखळ उकळून त्यात पाला टाकावा आणि झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे शिजवावा. झाकण नसले की पाल्यातील उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात आणि हिरवा रंग टिकतो. रंगासाठी खाण्याचा सोडा कदापि घालू नये, त्याने जीवनसत्त्वे नष्ट होतात. पाला निथळून, पिळून डाळीत घालावा आणि रवीने घोटावा. मिक्सरने अधिक गुळगुळीत होते हे खरे, पण दात असलेल्या माणसाला इतक्या गुळगुळीतपणाची गरज आम्हांस दिसत नाही. ज्यांना आणखी दाट हवे त्यांनी चमचाभर ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून लावावे आणि एक उकळी आणावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे पीठ घरात असताना मक्याचे पांढरे पीठ विकत आणण्याचे कारण नाही. वरून दोन चमचे तुपात जिरे, ठेचलेले आले आणि चिमूटभर हिंग यांची फोडणी द्यावी, सैंधव घालावे. ताक घालावयाचे असल्यास भांडे खाली उतरवून घालावे. आंबटाने रंग थोडा काळवंडतो, तो दोष समजू नये.

शार्ङ्गधराने यूषासाठी एक पल द्रव्य, अर्धा कर्ष सुंठ व अर्धा कर्ष पिंपळी आणि एक प्रस्थ पाणी असे प्रमाण दिले आहे. मंदाग्नीच्या रुग्णासाठी आम्ही या दिशेने जातो, म्हणजे डाळ निम्मी, पाणी पुष्कळ, सुंठ-पिंपळी बेताची. स्नेहाबाबत जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. करडईचे तेल आपल्या जिल्ह्यात घरोघरी, आणि चरकाने मात्र स्थावर स्नेहांत अहिततम म्हणून त्याचेच नाव घेतले आहे! आम्ही यावरून कोणाच्या घरातील तेलाचा डबा रिकामा करावयास सांगत नाही. पण गरगट्याला तूप घाला, असे म्हणण्यास ग्रंथाधार भक्कम आहे.

आता पुडीविषयी. वाळवून दळलेला पाला, मक्याचा स्टार्च, मीठ, साखर आणि चवीची द्रव्ये, असेच अशा पुड्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. पाठीमागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्ये औषधालयचालकांनी एकदा भिंगाखाली वाचावीत, विशेषतः सोडियमचा आकडा. उच्च रक्तदाबाचा रुग्ण तीच पुडी 'पथ्य' म्हणून नेत असतो. याहून मूलभूत आक्षेप ग्रंथातलाच आहे. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात नित्य अभ्यास करू नये अशा द्रव्यांत शुष्क शाके स्पष्टपणे आली आहेत. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला वाळवून उन्हाळ्यात त्याची भाजी करणे ही आपल्या कोरडवाहू गावांची गरज होती. ती प्रासंगिक होती आणि तेलातुपात मुरवलेली होती. ताजी भाजी हाताशी असताना शहरातील माणसाने वर्षभर रोज वाळलेल्या पाल्याची भुकटी गरम पाण्यात ढवळून पिणे याला त्या गरजेचा आधार देता येत नाही.

'आयुर्वेद आहार' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांसाठी 2022 साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे स्वतंत्र नियम आले. त्यांत ग्रंथोक्त कृतींचा आधार अपेक्षित आहे, आणि जीवनसत्त्वे वा खनिजे वरून मिसळण्यास मनाई आहे. दोन वर्षांखालील बालकांसाठी हे पदार्थ नाहीत, हेही त्यात आहे. आपल्या फळीवरची कोणती पुडी या चौकटीत बसते आणि कोणती केवळ हिरव्या वेष्टनामुळे आपल्या दुकानात शिरली आहे, याची छाननी चालकांनी स्वतः करावी. दारावर 'आयुर्वेदिक औषधालय' ही पाटी असते, म्हणून आतली प्रत्येक वस्तू वैद्यसंमत आहे असे ग्राहक गृहीत धरतो.

चालकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. दुकानाचे भाडे भाजीच्या सल्ल्यावर निघत नाही. हे मान्य. पण सुंठ, पिंपळी, जिरे, हिंग, सैंधव आणि चांगले तूप ही द्रव्येही औषधालयातच मिळतात, आणि त्यांची शुद्धता हीच आपली खरी पत आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा कारखान्यात उभ्या राहणाऱ्या भगिनीला एवढे सोपस्कार करण्यास वेळ कोठला? तिच्यासाठी डाळ सकाळीच कुकरमध्ये शिजवून ठेवावी. संध्याकाळी पाला उकळून, पिळून, घोटून फोडणी देण्यास अर्ध्या तासाहून अधिक लागत नाही. पुडीच्या किमतीत लक्ष्मी मंडईत थंडीच्या दिवसांत चाकवताची जुडी आणि लिंबू, दोन्ही येतात.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वैद्याने आणि चालकाने गरगट्याची एक कृतिपत्रिका मराठीत छापून घ्यावी. तिच्या मागील बाजूस ऋतूप्रमाणे पाला द्यावा: मार्गशीर्षापासून माघापर्यंत चाकवत, कोवळी करडई व हरभरा, उन्हाळ्यात तांदुळजा व माठ, आणि पावसाळ्यात पाल्याचे प्रमाण कमी करून मुगाचे वाढवलेले. खाली दोन चौकोन असावेत, 'पाणी पिळून टाकावे' आणि 'पाणी ठेवावे'. कोणत्या चौकोनात खूण करावयाची हे वैद्याने रुग्ण तपासून ठरवावे, आणि खूण नसलेली पत्रिका चालकाने गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.